आधी जुळवणी, मग सुधारणा

रेडिओ-नियंत्रित मोटारगाड्या तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील; काहींनी चालवल्याही असतील. रेडिओ-नियंत्रित मोटारसायकल मात्र त्या मानाने दुर्मिळ. याचे कारण उघड आहे. चार चाकांची गाडी उभी केली की उभी राहते, दोन चाकांची पडते. जी वस्तू जागच्या जागी उभी राहत नाही तिला पन्नास मीटर दूर उभे राहून, नुसत्या रेडिओलहरींच्या साहाय्याने खडबडीत मैदानात पळवायची, हे काम सोपे नाही. २०२३ साली लोसी या कंपनीने 'प्रोमोटो-एमएक्स' नावाची, खऱ्या मोटोक्रॉस मोटारसायकलीच्या एकचतुर्थांश आकाराची गाडी बाजारात आणली. तिच्या मागच्या चाकात एक वेगळे चक्र वेगाने फिरत असते आणि ते तिला तोल सांभाळायला मदत करते. तेव्हापासून या छंदाकडे अनेकांचे लक्ष वळले आहे.

ही गाडी खेळण्यांच्या दुकानात मिळत असली तरी तिची जागा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गुरुत्वमध्य, कोनीय संवेग, घर्षण, विद्युत्‌प्रवाह, रेडिओलहरी, धातू व प्लास्टिकचे गुणधर्म असे आठवी ते दहावीच्या अभ्यासातले निम्मे विषय तिच्यात एकत्र नांदतात. पण याला एक अट आहे आणि त्या अटीसाठीच हा लेख लिहीत आहे.

गाडी हाती येताच बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न असतो, "हिच्यात कोणकोणते भाग बदलता येतील?" मग चकचकीत ॲल्युमिनियमचे भाग येतात, जास्त व्होल्टची बॅटरी येते, निराळे स्प्रॉकेट येते. पैसे संपतात. गाडी दिसते छान, पण धावते पहिल्यापेक्षा वाईट. काय बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही, कारण चार गोष्टी एकाच दिवशी बदललेल्या असतात! माझे म्हणणे असे की पहिले तीन महिने एकही नवा भाग विकत आणू नये. या काळात गाडीची जुळवणी शिकावी, म्हणजे आहेत तेच भाग नीट बसवावेत, मोजावेत आणि त्यांचे परिणाम वहीत लिहावेत. यामागची कारणे आता क्रमाने पाहू.

लहान गाडी लवकर का पडते?

एक मीटरपट्टी तळहातावर उभी धरून तोलून पाहा. थोड्या सरावाने जमेल. आता तीच कसरत पेन्सिलीने करून पाहा. जमणार नाही. पेन्सिल हलकी आहे म्हणून असे होते का? नाही, ती आखूड आहे म्हणून होते. उभी वस्तू कोलमडायला लागणारा वेळ तिच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. मीटरपट्टी पेन्सिलीच्या सुमारे सहापट लांब असते, म्हणून तिला पडायला जवळजवळ अडीचपट वेळ लागतो. तेवढ्या वेळात आपला हात हलू शकतो.

हाच नियम मोटारसायकलीला लावा. एकचतुर्थांश आकाराच्या गाडीचा गुरुत्वमध्य खऱ्या गाडीच्या एकचतुर्थांश उंचीवर असतो. चतुर्थांशाचे वर्गमूळ निम्मे. म्हणून ती खऱ्या गाडीपेक्षा दुप्पट घाईने पडते. शिवाय खऱ्या गाडीवरच्या स्वाराला गाडी कलल्याचे अंगाने कळते, तर दूर उभ्या असलेल्या चालकाला ते फक्त डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणजे गाडी घाईची आणि चालक उशिराचा! या अडचणीवर जे उपाय योजलेले असतात ते समजल्याखेरीज गाडीच्या एकाही स्क्रूला हात लावण्यात अर्थ नाही.

डावीकडे वळवा, उजवीकडे जा

दुचाकी उजवीकडे वळवायची असेल तर हँडल आधी कोठे वळवाल? उजवीकडे, असे उत्तर कोणीही देईल. पण मोकळ्या मैदानावर बऱ्यापैकी वेगात सायकल चालवताना उजवी मूठ अगदी हलकेच पुढे रेटून पाहा. पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, सायकल उजवीकडे कलते आणि मग उजवीकडे वळते. चाकांचा जमिनीवरचा टेका डावीकडे सरकतो आणि गुरुत्वमध्य मागे राहतो, म्हणून ती उजवीकडे झुकते. आपण सर्वजण हे नकळत करतो. रेडिओवरच्या गाडीतही हीच युक्ती असते. बऱ्याच मॉडेलांत सर्व्हो, म्हणजे सुकाणू वळवणारी लहान मोटार, पुढच्या फोर्कला घट्ट जखडलेली नसून स्प्रिंगमधून जोडलेली असते. त्यामुळे गाडी कलल्यावर पुढचे चाक आपसूक त्या बाजूला वळू शकते.

हे आपसूक वळणे बऱ्याच अंशी 'ट्रेल'वर अवलंबून असते. फोर्क ज्या अक्षाभोवती वळतो ती तिरकी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जेथे टेकेल त्याच्या थोडे मागे चाकाचा जमिनीशी स्पर्श होतो. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल वाढले की गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, पण वळायला आळशी होते. कमी झाले की चपळ होते, पण बिचकते.

सायकल उभी का राहते हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १८९९ साली व्हिपल या इंग्रज गणितज्ञाने त्याची समीकरणे मांडली. १९७० साली डेव्हिड जोन्स याने एका सायकलीला उलट फिरणारे जादा चाक लावून भोवऱ्याचा परिणाम रद्द केला, तरी ती चालवता आली. २०११ साली काही संशोधकांनी अशी दुचाकी बनवून दाखवली की जिच्यात भोवऱ्याचा परिणामही नव्हता आणि नेहमीचे ट्रेलही नव्हते. तरीही ढकलून दिल्यावर ती स्वाराशिवाय आपला तोल सावरत गेली. वजनाची मांडणी योग्य असल्याने ती पडू लागताच तिचे सुकाणू त्या बाजूला वळे. यातून आपल्याला घ्यायचा धडा असा की दुचाकीचा तोल एका भागावर अवलंबून नसतो, अनेक भागांच्या मेळावर असतो. मग एकच भाग 'भारी' आणून काय साधणार?

चाकातला भोवरा

मग मागच्या चाकात ते फिरते चक्र कशाला? एक नाणे जमिनीवर गडगडत सोडा. ते कलू लागले की धाडकन पडत नाही. ज्या बाजूला कलते त्या बाजूला वळत जाते. फिरणाऱ्या वस्तूचा हा स्वभाव आहे. पण त्यासाठी ती पुरेशा वेगाने फिरली पाहिजे. आठ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक पायी चालण्याच्या वेगाने गेले तर मिनिटाला जेमतेम १८० फेरे घेते. तेवढ्यावर त्या भोवऱ्याला जोर येत नाही. म्हणून चाकाच्या आत एक जड चक्र वेगळ्या मोटारने फिरवतात. समजा, ते मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर गाडी हळू चालली तरी भोवरा जोरातच असतो. त्यामुळे कलण्याची क्रिया मंदावते आणि दूर उभ्या चालकाला विचार करायला सवड मिळते. लक्षात ठेवा, चक्राचे वजन कडेला असेल तर फायदा जास्त. तेवढेच वजन दुप्पट त्रिज्येवर ठेवले की जडत्वाचे आघूर्ण चौपट होते.

याच्या जोडीला मोबाइल फोनमध्ये असतात तसे सूक्ष्म संवेदक गाडीचे कलणे मोजतात आणि सुकाणूला सूचना देतात. ही सूचना किती जोराची असावी हे ठरवणाऱ्या सेटिंगला 'गेन' म्हणतात. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडताना काय होते ते आठवा. पाणी गार लागले म्हणून आपण नळ फार सोडतो, मग चटका बसतो म्हणून फार बंद करतो. गेन जास्त ठेवला की गाडीचेही असेच होते: पुढचे चाक थरथरू लागते. फार कमी ठेवला तर मदतच मिळत नाही. थरथर सुरू होईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा आणि तेथून थोडा मागे यावा.

जुळवणीचा क्रम

पहिली गोष्ट रेडिओची. टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी होडी लोकांना दाखवली, तेव्हापासून या विद्येची सुरुवात. पूर्वी अशा खेळण्यांत २७ मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे ११ मीटर तरंगलांबीची लहर वापरीत. दोघांची वारंवारता एकच निघाली की एकाच्या प्रेषकाने दुसऱ्याची गाडी पळे. आताचे चांगले संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तेथे तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर असते, आणि अनेक संच एका वारंवारतेवरून दुसरीवर सतत उड्या मारीत असल्याने सहसा टक्कर होत नाही. तरी नियम तोच: आधी हातातला प्रेषक चालू करावा, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग प्रेषक. 'फेल-सेफ' असे लावून घ्यावे की संपर्क तुटताच गाडीची मोटार थांबेल. गाडी उचलून धरून, प्रेषक बंद करून हे एकदा तपासा.

दुसरी गोष्ट स्क्रू आणि चेन. धातूत बसणारे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, त्यांना थ्रेडलॉकचा एक थेंब लावावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो लावू नये, प्लास्टिक तडकू शकते. चेन नुसत्या उभ्या गाडीवर तपासू नका. मागचे चाक वर दाबत न्या. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ होते. त्या स्थितीतही ती किंचित सैल असली पाहिजे.

तिसरी गोष्ट शॉकॲब्सॉर्बरची. गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते पट्टीने मोजा. खऱ्या मोटोक्रॉस गाडीत स्वार बसल्यावर मागची बाजू सुमारे १०० मिलिमीटर, म्हणजे चाकाच्या एकूण चालीच्या साधारण एकतृतीयांश, खाली यावी असा प्रघात आहे. मॉडेलसाठी त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करावी. आतल्या तेलाचा दाटपणा (विष्यंदिता) तापमानाबरोबर बदलतो, म्हणून जानेवारीतली पहाटेची जुळवणी मे महिन्यातल्या दुपारी जशीच्या तशी चालत नाही. वहीत तापमानही लिहा. फोर्कच्या नळ्या क्लँपमधून थोड्या वर सरकवल्या की पुढची बाजू खाली येते, फोर्क अधिक उभा होतो आणि ट्रेल घटते. एक पैसाही न खर्चता गाडीचा स्वभाव बदलणारी ही युक्ती आहे. मग नवा फोर्क कशाला?

मोजल्याशिवाय सुधारणा कळत नाही

आता मुख्य मुद्दा. दोन विटा दहा मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट आखा. पाच फेऱ्यांचे वेळ घ्या. समजा, ते ८.२, ८.९, ८.४, ९.१ आणि ८.४ सेकंद आले. सरासरी ८.६. आता टायर बदलले आणि ८.३, ८.८, ८.१, ८.७, ८.६ आले. सरासरी ८.५. टायर चांगले ठरले का? घाई करू नका. एकाच टायरवर तुमचे वेळ ८.२ पासून ९.१ पर्यंत, म्हणजे ०.९ सेकंदाने मागेपुढे होत होते. त्यापुढे ०.१ सेकंदाचा फरक काहीच सिद्ध करीत नाही. शिवाय दुसऱ्या वेळी तुमचा हातही अधिक सरावलेला होता. म्हणून जुने टायर पुन्हा चढवा आणि तिसऱ्यांदा मोजा. जुन्या टायरवर वेळ परत वाढला तरच श्रेय नव्या टायरांना द्यायचे.

एका वेळी एकच बदल, भरपूर मोजमाप आणि मूळ स्थितीकडे परत जाऊन पडताळणी, ही प्रयोगाची शिस्त आहे. ही शिस्त न पाळता केलेला खर्च म्हणजे अंदाजाने औषध घेण्यासारखे आहे.

विकत घ्यायचेच झाले तर

तीन महिन्यांनी वही भरली की कोणता भाग अपुरा पडतो हे तिच्यातूनच कळेल. मग खरेदी जरूर करा, पण हिशेब करून.

ॲल्युमिनियमचे उदाहरण घ्या. त्याची घनता २.७, नायलॉनची सुमारे १.१. म्हणजे त्याच आकाराचा धातूचा भाग दुपटीहून जड. गाडी आपटली की नायलॉन वाकते आणि परत सरळ होते. ॲल्युमिनियम वाकले की वाकलेलेच राहते, किंवा धक्का पुढच्या महागड्या भागाकडे पाठवते. चाकाच्या कडेवरचे वजन तर आणखी महाग पडते. तेथल्या एका ग्रॅमला पुढेही न्यावे लागते आणि गोल फिरवावेही लागते, म्हणून वेग घेताना तो दोन ग्रॅमसारखा भासतो.

आता वेगाचे पाहू. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १२ दाते व मागच्याला ६० आहेत. गुणोत्तर ५. पुढे १४ दातांचे बसवले तर गुणोत्तर ४.२९ होते. मोटारचे फेरे तेवढेच राहिले तर वेग सुमारे १७ टक्के वाढेल, पण चाकाला मिळणारा पीळ १४ टक्के घटेल. हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती दीडपटीहून जास्त लागेल. हा बोजा मोटारवर पडतो, ती जास्त प्रवाह ओढते आणि तापते. मोटारमधली साधी निओडिमियम चुंबके सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले चुंबकत्व गमावू लागतात. म्हणून गुणोत्तर बदलल्यावर दर पाच मिनिटांनी तापमापीने मोटारचे तापमान पाहावे. हात लावून नव्हे.

बॅटरीची सुधारणा सर्वांत शेवटी, आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच. लिथियम-पॉलिमर घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. ३ व्होल्टच्या खाली तो कधीही जाऊ देऊ नये, आणि ठेवून द्यायचा असेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. तीन घटांच्या जागी चार बसवले की मोटारचे फेरे एकतृतीयांशाने वाढतात. नियंत्रक तेवढ्यासाठी बनवलेला नसेल तर तो जळतो. फुगलेला किंवा चेपलेला घट वापरू नका. चार्जिंग योग्य चार्जरवर, फरशीसारख्या न पेटणाऱ्या जागी आणि समोर बसून करा. रात्री लावून झोपणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

माझ्या मते पैसे खर्च करण्याचा योग्य क्रम असा: आधी आपल्या मैदानाला साजेसे टायर, मग चांगली बेअरिंगे, त्यानंतर गरज दिसल्यास धातूच्या दातांचा सर्व्हो. वेग वाढवणारे भाग अगदी शेवटी. आणि कोणताही बदल केला तरी गाडी मैदानातच चालवायची, रस्त्यावर कधीही नाही.

शिक्षकांसाठी दोन शब्द

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अशी चांगली गाडी पाच आकडी किमतीची असते. ज्या शाळेत साधे व्होल्टमीटर पुरेसे नाहीत तिने ही चैन करावी का? माझे उत्तर असे: प्रत्येक मुलाने अशी गाडी घ्यावी असे मी म्हणतच नाही, तसे होऊही नये. पण चारपाच शाळांच्या विज्ञान मंडळांना मिळून एक गाडी घेता येईल. एका गटाने ती चालवावी, दुसऱ्याने वेळ घ्यावा, तिसऱ्याने तापमान पाहावे आणि चौथ्याने वही सांभाळावी. तेवढेही जमत नसेल तर शाळेच्या आवारात सायकली आहेतच. टायरमधली हवा, सीटची उंची, चेनचा ताण यांचा परिणाम त्यांच्यावरही मोजता येतो. गाडीमुळे उत्साह येतो हे खरे, पण प्रयोगाची शिस्त साध्या सायकलीवरही तितकीच पक्की होते.

दुसरा आक्षेप असा की संवेदक आणि फिरते चक्र सगळे काम करतात, मग मुलगा शिकणार काय? वरचे विवेचन ज्याने वाचले त्याला याचे उत्तर सांगायला नको. गेन किती, ट्रेल किती, वजन कोठे, हे ठरवणारे डोके माणसाचेच असते.

म्हणून विज्ञान प्रदर्शनात अशी गाडी आली तर परीक्षकांनी ती किती वेगाने धावते हे शेवटी विचारावे. आधी वही मागावी. पहिल्या दिवशी काय मोजले, कोणता बदल केला, तो उपयोगी न ठरल्यावर काय केले, हे तिच्यात असले तर त्या मुलाला गुण द्यावेत, मग त्याची गाडी सर्वांत शेवटी का येईना. ज्याची वही कोरी आहे त्याची गाडी कितीही झळझळीत असो, तिच्यातले कौशल्य दुकानदाराचे आहे.

मित्रहो, सुरुवात करायला गाडीची वाट पाहू नका. येत्या रविवारी एक नाणे, एक मीटरपट्टी, एक पेन्सिल आणि आपली सायकल घ्या. वर सांगितलेले तीन प्रयोग करा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा.